पन्नास वर्षं आणि एकही नो-हिटर नाही

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहून आलेली मंडळी बेसबॉलबद्दल हमखास एक प्रश्न विचारतात. समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही म्हणून टीव्हीवर एवढा जल्लोष कशाला? पिचरचं कामच ते आहे ना? हिट द्यायची नाही यासाठीच तर त्याला पगार मिळतो!

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्क मेट्स या संघाइतका चांगला वाटाड्या सापडणार नाही. मेट्स १९६२ साली मैदानात उतरले. १९६९ आणि १९८६ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांच्याकडे एकापेक्षा एक सरस पिचर होते. तरीही २०१२ च्या मे महिन्याच्या अखेरीपर्यंत झालेल्या ८,०१९ सामन्यांपैकी एकाही सामन्यात त्यांच्या पिचरने प्रतिस्पर्ध्याला पूर्णपणे ‘हिट’विना ठेवलं नव्हतं. पुष्कळदा ते एका हिटवर येऊन अडकले. अशा अवघ्या एका हिटच्या सामन्यांची संख्या ३५ होती.

हे असं का झालं, हे कळण्याआधी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील. हिट म्हणजे काय, आणि ती न देणं कितपत अवघड असतं.

१. हिट कशाला म्हणतात आणि कशाला नाही

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो, बरोबरी असेल तर पुढेही चालतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना एकेकदा बॅटिंग मिळते आणि तीन खेळाडू बाद झाले की पाळी संपते. म्हणजे समोरच्या संघाचा पूर्ण सामन्याचा हिशेब २७ आउटचा. बॅटर होम प्लेटपाशी उभा राहतो. चेंडू मारून त्याला पहिल्या बेसवर सुखरूप पोचायचं असतं. तिथून दुसरा, तिसरा असे बेस ओलांडत तो होम प्लेटला परत आला की एक रन.

होम प्लेटपासून दोन पांढऱ्या रेषा निघतात. एक पहिल्या बेसवरून जाते, दुसरी तिसऱ्या बेसवरून. चेंडू त्या दोहोंच्या मध्ये पडला तर फेअर, बाहेर पडला तर फाउल. रेषेच्या चुन्यावर पडला तरी तो फेअरच. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅटर पहिल्या बेसवर पोचला म्हणजे त्याला हिट मिळालीच असं नाही. पिचरने चार चेंडू योग्य पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर त्याला चालत जाऊन पहिला बेस घेता येतो. याला वॉक म्हणतात. चेंडू बॅटरच्या अंगाला लागला तरी बेस मिळतो. फील्डरने सोपा चेंडू सोडला किंवा भलतीकडे फेकला तर तो एरर. या तिन्हींची नोंद होते, पण हिट म्हणून नाही. क्रिकेटमध्ये वाइडवर मिळालेली धाव संघाच्या खात्यात जमा होते, पण फलंदाजाच्या नावावर न लागता ‘अवांतर’मध्ये जाते. हा फरक ज्याला कळतो, त्याला नो-हिटर समजायला वेळ लागणार नाही. बॅटरने स्वतःच्या फटक्यावर मिळवलेला बेस म्हणजे हिट, आणि असा एकही बेस न देता संपवलेला सामना म्हणजे नो-हिटर. वॉक, एरर, काहीच न देता २७ जणांना ओळीने बाद केलं, तर तो परफेक्ट गेम. परफेक्ट गेम नो-हिटर असतोच, पण नो-हिटर परफेक्ट असेलच असं नाही.

यातून एक गंमत निघते. नो-हिटर टाकूनही सामना हरता येतो. ह्यूस्टनच्या केन जॉन्सनवर २३ एप्रिल १९६४ रोजी ही वेळ आली. सिनसिनाटीला त्याने नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही, पण नवव्या इनिंगमध्ये त्याच्या स्वतःच्या चुकीच्या फेकीने पीट रोज बेसवर पोचला, पुढे आणखी एक एरर झाली आणि सामना १-० असा हातचा गेला.

फटका हिट म्हणायचा की फील्डरची चूक, हे ठरवतं कोण? प्रेस बॉक्समध्ये बसलेला एक माणूस, ऑफिशियल स्कोअरर. नियमांची चौकट असते, पण शेवटी निर्णय त्याच्या नजरेचा. नो-हिटरच्या इतिहासात पिचरच्या हाताइतकंच या नजरेलाही वजन आहे, आणि मला वाटतं, खेळाच्या चाहत्यांना ते कबूल करायला फारसं आवडत नाही.

नो-हिटरची आजची काटेकोर व्याख्या तशी अलीकडची आहे. मेजर लीगच्या समितीने सप्टेंबर १९९१ मध्ये ठरवलं की सामना किमान नऊ इनिंगचा झाला पाहिजे आणि संपेपर्यंत हिट नसली पाहिजे. या एका फटकाऱ्यात जुन्या यादीतले ५० सामने बाद झाले. त्यांत पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सचा १९५९ चा सामनाही गेला. त्याने १२ इनिंग, म्हणजे ३६ जण ओळीने बाद केले होते. हिट आली ती तेराव्या इनिंगमध्ये.

२. ओळीने २७ वेळा

आता अवघडपणा मोजू. मेजर लीगमधल्या बॅटरची सरासरी ०.२५० च्या आसपास असते. म्हणजे चार प्रयत्नांत एक हिट. या हिशेबात वॉक धरलेच जात नाहीत, त्यामुळे आपलं काम सोपं होतं. एका बॅटरला हिट न मिळण्याची शक्यता चारांत तीन, ०.७५. ओळीने दोघांना न मिळण्याची ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.५६. नऊ आउटपर्यंत गुणत गेलो की शंभरातले सात-आठ सामनेच हिटविना उरतात. अठराव्या आउटला हजारात पाच-सहा. आणि सत्ताविसाव्याला दहा हजारांत चार. ढोबळमानाने २,४०० सामन्यांत एक.

एका हंगामात एका संघाचे १६२ सामने होतात. म्हणजे एखाद्या संघाने साधारण पंधरा वर्षांतून एका नो-हिटरची अपेक्षा धरावी.

पण पिचर काही सगळे सारखे नसतात. समजा, एखाद्या पिचरसमोर बॅटरची सरासरी ०.२०० वर घसरते. आता ०.८० हा आकडा २७ वेळा गुणा. उत्तर येतं सुमारे ४१३ सामन्यांत एक. सरासरी फक्त ०.०५० ने खाली आली आणि शक्यता जवळपास सहापट झाली. म्हणून ज्या संघाकडे दोन-तीन अव्वल पिचर असतात, त्याच्या वाट्याला नो-हिटर जास्त यायला हवेत. मेट्सकडे ते होते. टॉम सीव्हर, जेरी कूसमन, नोलन रायन, जॉन मॅटलॅक, ड्वाइट गुडन, डेव्हिड कोन, पुढे पेड्रो मार्टिनेझ. त्यामुळे त्यांचं कोरडेपण आणखीनच कोड्यात टाकतं.

आपलं साधं २,४०० चं गणित धरलं, तरी ८,०१९ सामन्यांत मेट्सना तीनेक नो-हिटर मिळायला हवे होते. एकही न मिळण्याची शक्यता येते शंभरात तीन-चार. कमी आहे, पण अशक्य नाही. शिवाय लीगमध्ये ३० संघ आहेत. इतक्या संघांत एखाद्याच्या नशिबी असा दुष्काळ येणं फार आश्चर्याचं नाही. तो मेट्सच्या वाट्याला आला. मेट्सच्या चाहत्यांना हे सांगून पाहा, ते हो म्हणतील आणि विश्वास ठेवणार नाहीत.

३. दुसऱ्यांचे नो-हिटर

१९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन जुने संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले. त्यांची जागा भरायला पाच वर्षांनी मेट्स आले. नव्या संघाने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला, यांकीजनी काढून टाकलेला केसी स्टेंगल मॅनेजर म्हणून घेतला आणि पहिल्या हंगामात ४० सामने जिंकून १२० हरला.

त्याच हंगामात, ३० जून १९६२ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये सॅंडी कोफॅक्सने त्यांना नो-हिट केलं. पहिल्या तिघांना त्याने नऊ चेंडूंत, नऊ स्ट्राइक टाकून, परत पाठवलं (योग्य पट्ट्यातून गेलेला किंवा मारताना हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट). कोफॅक्सच्या कारकिर्दीतल्या चार नो-हिटरपैकी हा पहिला. दोन वर्षांनी मेट्स क्वीन्समधल्या नव्याकोऱ्या शे स्टेडियममध्ये राहायला आले आणि २१ जून १९६४ ला, फादर्स डेच्या दिवशी, फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने त्यांच्याविरुद्ध थेट परफेक्ट गेमच टाकला. सात मुलांचा बाप होता तो. मेजर लीगच्या दोन लीगपैकी मेट्स ज्या नॅशनल लीगमध्ये खेळतात, तिथे असा सामना १८८० नंतर झाला नव्हता.

बनिंगच्या त्या सामन्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिचरचा नो-हिटर रंगात आला की डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, कोणी तो शब्द उच्चारत नाही. सहकारी पिचरशेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. दृष्ट लागते असं मानतात. बनिंग मात्र त्या दिवशी बाकावर स्वतःच त्याबद्दल मोकळेपणाने बोलत होता, सहकाऱ्यांना सावध राहायला सांगत होता. दृष्ट काही लागली नाही.

४. सीव्हरच्या तीन नवव्या इनिंग

टॉम सीव्हर १९६७ ला मेट्समध्ये आला आणि दोन वर्षांत लोक त्याला ‘द फ्रँचाइज’ म्हणू लागले, म्हणजे संघच तो. ९ जुलै १९६९ च्या रात्री शे स्टेडियममध्ये ५९,००० लोक होते. समोर शिकागो कब्ज, त्या वेळी गुणतक्त्यात मेट्सच्या पुढे. सीव्हरने पहिले २५ बॅटर ओळीने बाद केले. हिट नाही, वॉक नाही, एरर नाही. आणखी दोन आउट आणि परफेक्ट गेम.

सव्विसावा बॅटर जिमी क्वाल्स. बावीस वर्षांचा, नवखा, कब्जच्या चाहत्यांनाही नीट ठाऊक नसलेला. त्याने चेंडू डाव्या आणि मधल्या फील्डरच्या मधोमध टाकला. हिट. पुढचे दोघे बाद झाले, मेट्स ४-० ने जिंकले, ऑक्टोबरमध्ये तर वर्ल्ड सिरीजही जिंकले. क्वाल्सला मेजर लीगच्या अख्ख्या कारकिर्दीत ३१ हिट मिळाल्या. त्यातली ही एक अजून लोकांच्या तोंडी आहे, उरलेल्या तीस कुणाला आठवत नाहीत.

सीव्हर नंतरही दोनदा त्याच उंबरठ्यापर्यंत गेला. ४ जुलै १९७२ ला सान डिएगोविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर लेरॉन लीने हिट मारली. २४ सप्टेंबर १९७५ ला शिकागोत नवव्या इनिंगमध्ये दोघे बाद झाले होते आणि जो वॉलिसने हिट मारली. हा सामना तर अधिकच विचित्र. तेव्हा दोन्ही संघांचे रन शून्यच होते. वॉलिस बाद झाला असता तरी सामना पुढे चालूच राहिला असता आणि नव्या व्याख्येप्रमाणे सीव्हरचं काम अपुरंच उरलं असतं. मेट्स तो सामना अकराव्या इनिंगमध्ये १-० असा हरले.

हिट नेहमी अशी नाट्यमय वेळ साधून येत नाही. नोलन रायनने १८ एप्रिल १९७० ला फिलाडेल्फियाच्या १५ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि फक्त एक हिट दिली. ती मिळाली डेनी डॉइलला, सामन्यातल्या पहिल्याच बॅटरला. म्हणजे स्टेडियममध्ये लोक आपापल्या जागा शोधत होते तेव्हाच नो-हिटर संपला होता. ड्वाइट गुडनचं १९८४ मध्ये असंच झालं. सप्टेंबरमध्ये कब्जविरुद्धची त्याची एकमेव हिट म्हणजे तिसऱ्या बेसकडे रेंगाळत गेलेला कीथ मोरलँडचा फटका. जोरात मारला असता तर बाद झाला असता.

एक हिट आणि शून्य हिट यांत पिचिंगचा फरक जवळजवळ नसतो. फटका एक हात इकडे गेला की सामना इतिहासात, एक हात तिकडे गेला की त्या हंगामाच्या तक्त्यात. मला तर सीव्हरने २२ एप्रिल १९७० ला सान डिएगोविरुद्ध टाकलेला सामना कोणत्याही नो-हिटरइतकाच मोठा वाटतो. १९ स्ट्राइकआउट, त्यातले शेवटचे दहा ओळीने. हिट दोन दिल्या, म्हणून तो यादीत नाही.

५. संघ सोडला की जमतं

चाहत्यांचा संताप व्हायचा तो या भागावर.

डिसेंबर १९७१ मध्ये मेट्सनी रायनला आणखी तिघांसह कॅलिफोर्निया एंजल्सकडे पाठवलं आणि बदल्यात जिम फ्रेगोसीला घेतलं. रायनने पुढे तीन वेगवेगळ्या संघांसाठी मिळून सात नो-हिटर टाकले. १९७३ मध्ये दोन, मग १९७४, १९७५, १९८१, १९९० आणि १९९१. सातवा टाकला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. हा विक्रम अजून कोणाच्या टप्प्यात नाही.

सीव्हरला व्यवस्थापनाशी झालेल्या वादानंतर १५ जून १९७७ ला सिनसिनाटीला दिलं. बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने, १६ जून १९७८ ला, त्याने सेंट लुइसविरुद्ध नो-हिटर टाकला. माइक स्कॉट मेट्समध्ये असताना साधारण होता. ह्यूस्टनला गेला आणि २५ सप्टेंबर १९८६ ला नो-हिटर टाकून त्याच सामन्यात आपल्या संघाला विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं. गुडनने १९९६ मध्ये टाकला आणि कोनने १९९९ मध्ये परफेक्ट गेम, ८८ चेंडूंत. हे दोघे तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते, पण यांकीजच्या पट्टेदार कपड्यांत.

कळस व्हायचा होता २०१२ मध्ये. मेट्सनी २००८ च्या सुरुवातीला योहान सॅंटाना या व्हेनेझुएलाच्या डावखुऱ्या पिचरला मिनेसोटाकडून घेतलं होतं. त्याच्या बदल्यात चार तरुण खेळाडू दिले. त्यांतला एक फिलिप हंबर. हंबर फिरत फिरत शिकागो व्हाइट सॉक्समध्ये पोचला आणि २१ एप्रिल २०१२ ला सिॲटलमध्ये त्याने परफेक्ट गेम टाकला. मोठं नाव मेट्सकडे, आणि परफेक्ट गेम सौद्यातल्या छोट्या नावाकडे. सहाच आठवड्यांनी तो हिशेब बदलणार होता.

६. १ जून २०१२

सॅंटाना दोनदा साय यंग पुरस्कार मिळवलेला पिचर. हा पुरस्कार दरवर्षी प्रत्येक लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळतो. पण २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चा अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला. २०१२ मध्ये तो परतला तेव्हा मॅनेजर टेरी कॉलिन्स त्याचे चेंडू मोजत होता. एका सामन्यात ११० ते ११५, त्यापलीकडे नाही, असं ठरलेलं.

समोर सेंट लुइस कार्डिनल्स, आदल्या वर्षीचे जगज्जेते. त्यांच्याकडून पिचिंगला ॲडम वेनराइट, बॅटिंगला कार्लोस बेल्ट्रान. बेल्ट्रान सहा-सात वर्षं मेट्समध्ये होता आणि दुसऱ्या संघाच्या कपड्यांत पहिल्यांदाच सिटी फील्डवर, म्हणजे मेट्सच्या नव्या घरी, परतला होता.

सहाव्या इनिंगमध्ये बेल्ट्रानने तिसऱ्या बेसवरून सरळ, जोरकस फटका मारला. चेंडू रेषेवर पडला. चुना उडाला, मातीत खूण राहिली. तिसऱ्या बेसवरचा अंपायर एड्रियन जॉन्सनने फाउल दिला. टीव्हीवर परत परत दाखवलं तेव्हा स्पष्ट दिसत होतं की चेंडू फेअर होता. आज असा निर्णय पुन्हा पाहून बदलता येतो, पण ती सोय २०१४ पासूनची. २०१२ मध्ये फक्त होम रनबाबतच्या शंकांसाठी चित्रफीत बघत असत. बेल्ट्रान पुन्हा उभा राहिला आणि तिसऱ्या बेसकडे चेंडू मारून बाद झाला. म्हणजे मेट्सचा पहिला नो-हिटर अंपायरच्या चुकीवर उभा आहे, आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

तो आणखी एका माणसावर उभा आहे. सातव्या इनिंगमध्ये याडिएर मोलिनाने डावीकडे लांब फटका मारला. लेफ्ट फील्डर माइक बॅक्स्टर मागे पळाला, चेंडू हातमोज्यात घेतला आणि त्याच वेगात भिंतीवर आदळला. चेंडू सुटला नाही. तो स्वतः मात्र कोसळला, बाहेर गेला आणि पुढचे सुमारे दोन महिने खेळू शकला नाही. बॅक्स्टर क्वीन्समधल्या व्हाइटस्टोनचा, स्टेडियमपासून जवळच वाढलेला आणि लहानपणापासून मेट्सचा चाहता. त्याला मेट्सच्या या दुष्काळाची आठवण करून देण्याची गरज नव्हती.

इकडे चेंडूंची संख्या वाढत चालली होती. सॅंटानाने पाच वॉक दिले होते, त्यामुळे प्रत्येक इनिंग लांबत होती. आठव्या इनिंगपर्यंत ठरलेली मर्यादा संपली. आता कॉलिन्सने काय करावं? मेट्स मोठ्या फरकाने पुढे होते, सामना हातातून जाणार नव्हता. खांदा जाऊ शकत होता. डगआउटमधला कॉलिन्सचा चेहरा त्या रात्री पाहण्यासारखा होता. शहराला पन्नास वर्षं हवी असलेली गोष्ट घडत होती आणि तो एकटा माणूस ती थांबवण्याच्या विचारात होता. त्याने थांबवलं नाही. कॅचर जॉश थोल डोक्याला मार लागून जवळपास महिनाभर बाहेर होता आणि त्याच दिवशी परतला होता. त्याने हातमोजा पुढे धरला आणि सॅंटानाने आपल्या १३४ व्या चेंडूवर डेव्हिड फ्रीसला चकवलं. तो चेंडू त्याचा आवडता चेंजअप. हाताची झेप वेगवान चेंडूची, पण चेंडू मात्र हळू येतो. फ्रीसची बॅट आधीच फिरून गेली. मेट्स ८, कार्डिनल्स ०. एवढे चेंडू सॅंटानाने कधीच एका सामन्यात टाकले नव्हते.

ऑगस्टनंतर तो त्या हंगामात पुन्हा दिसला नाही. २०१३ च्या सुरुवातीला तोच खांदा पुन्हा फाटल्याचं निष्पन्न झालं, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मेजर लीगमध्ये त्याने त्यानंतर एकही चेंडू टाकला नाही. त्या १३४ चेंडूंनीच हे झालं का? आधीच शिवलेला खांदा कधी ना कधी हार मानणारच होता, असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण कॉलिन्सने त्या रात्री चुकीचं केलं असं मात्र मला वाटत नाही. सॅंटानाला काढलं असतं तर आज सगळे म्हणाले असते की खांदा तसाही गेलाच.

याच्या उलट निर्णय घेतलेलं एक उदाहरण आहे, आणि तेही मेट्सच्याच सामन्यातलं. २१ जुलै १९७० ला सान डिएगोचा क्ले कर्बी मेट्सविरुद्ध आठ इनिंग हिटविना टाकत होता, पण संघ १-० ने मागे होता. मॅनेजर प्रेस्टन गोमेझने बॅटिंगसाठी कर्बीच्या जागी दुसरा खेळाडू पाठवला. तो बाद झाला, नंतरच्या पिचरने हिट दिली, सामना ३-० असा गेला. सान डिएगोला पहिल्या नो-हिटरसाठी मेट्सपेक्षाही जास्त, आठ हजार दोनशेहून अधिक सामने थांबावं लागलं. तो ९ एप्रिल २०२१ ला आला, आणि टाकणारा होता त्याच भागात वाढलेला जो मस्ग्रोव्ह.

७. बारा दिवसांनी एक अर्ज

सॅंटानाच्या नो-हिटरनंतर बाराव्या दिवशी, १३ जूनला, मेट्सच्या आर. ए. डिकीने टँपा बेविरुद्ध एक हिट दिली. पहिल्याच इनिंगमध्ये बी. जे. अप्टनने तिसऱ्या बेसकडे हळू फटका मारला, डेव्हिड राइटने तो उघड्या हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. स्कोअररने हिट दिली. मेट्सनी लीगकडे अर्ज केला की ही राइटची एरर धरावी. आपल्याच खेळाडूला चूक करणारा ठरवून पिचरला नो-हिटर मिळवून द्यायचा, असा तो अर्ज. लीगने तो फेटाळला आणि बरंच झालं. तसा नो-हिटर कागदावर जन्मला असता, कोणी साजरा केला नसता. डिकीने पाचच दिवसांनी बाल्टिमोरविरुद्ध आणखी एक एकहिटी सामना टाकला आणि त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार मिळवला.

८. पाच जणांचा सामना

२०१५ मध्ये मेट्स नॅशनल लीगचे विजेते झाले. त्याच वर्षी त्यांच्यावर दोनदा नो-हिटर आला. जूनमध्ये जायंट्सच्या नवख्या क्रिस हेस्टनचा, ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरचा, ज्याने १७ जणांना स्ट्राइकआउट केलं. नो-हिट होणारा संघ वाईट असतोच असं नाही.

मेट्सचा दुसरा नो-हिटर २९ एप्रिल २०२२ ला आला, फिलाडेल्फियाविरुद्ध, ३-० ने. तो पाच जणांनी मिळून टाकला. टायलर मेगिलने पाच इनिंग, ८८ चेंडू. मग ड्रू स्मिथ, होएली रोड्रिगेझ, सेथ लुगो आणि नवव्या इनिंगमध्ये एडविन डियाझ, ज्याने तिघांनाही स्ट्राइकआउट केलं. एकूण १५९ चेंडू, सहा वॉक. सॅंटानाच्या वेळी कॉलिन्सला जो प्रश्न छळत होता तो इथे उपस्थितच झाला नाही. मेगिलचे चेंडू पुरेसे झाल्यावर मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला काढलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पिचरचा हात महाग झाला आहे आणि मागे ताज्या दमाचे चार जण तयार असतात, त्यामुळे असे सामुदायिक नो-हिटर आता वाढले आहेत. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनच्या चार पिचरांनी मिळून फिलाडेल्फियालाच नो-हिट केलं.

जुन्या चाहत्यांना हे खरे नो-हिटर वाटत नाहीत. मला अर्धं पटतं. नवव्या इनिंगमध्ये थकलेल्या हातासमोर तोच बॅटर तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा उभा राहतो, त्याने आज दोन-तीनदा या पिचरचे चेंडू पाहिलेले असतात, आणि तिथेच नो-हिटरचा खरा अवघडपणा असतो. डियाझसमोरच्या तिघांनी त्याला त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. पण वर केलेल्या गणितात पिचर एक की पाच हा प्रश्न कुठेच येत नाही, २७ आउट तेवढेच असतात. अधिकृत यादीही हा भेद करत नाही. तिथे मेट्सच्या नावापुढे दोन नोंदी आहेत. एका नोंदीत एक नाव, दुसरीत पाच.